सुताराकडचा पांगुळगाडा: घ्या, पण चाकं पाहून

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करणारे बरेच सुतार सांगितल्यावर पांगुळगाडाही करून देतात. तीन चाकं, उभी चौकट, वर धरायला आडवी दांडी. लेकरू भिंतीला धरून आडवं चालू लागलं की हाच घ्यावा. मधे बसवायचा प्लास्टिकचा वॉकर नकोच! त्यात चवडेच टेकतात, तोल सांभाळायची सवय लागत नाही आणि ओसरीच्या पायरीवरून तो उलटतो. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

सागाचा गाडा चांगला. बाभळीचा मजबूत असतो, पण लहानग्याला जड जातो. दांडीवरून तळहात फिरवून पाहा. खरखरीत लागली तर तिथंच पॉलिश पेपर मारून घ्या. रंग लावू देऊ नका, दात येताना लेकरं दांडीच चावतात.

खरा दोष चाकांचा. सारवलेल्या अंगणात गाडा बेतानं सरकतो, फरशीवर मात्र सुसाट पळतो. हात पुढं जातात, पाय मागं राहतात, हनुवटी आपटते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चाकांवर ताणून बसवली की वेग आवरतो. दांडी धरून उठताना गाडा अंगावर येत असेल तर पुढच्या चाकाजवळ विटेचा तुकडा घट्ट बांधा. पावसाळ्यात लाकूड फुगून चाक आखडतं. आसाला मेण चोळा.

गाड्यानं चालणं लवकर येत नाही, सराव तेवढा होतो. बहुतेक लेकरं ८ ते १८ महिन्यांत एकटी चालतात. त्यानंतरही पाऊल पडत नसेल तर अंगणवाडी ताईंना सांगून डॉक्टरांकडून तपासून घ्या.