काळ्या बॉर्डरचा नाद: १९७१च्या टॉप्स बेसबॉल कार्डांचं वर्ष

१९७१चा टॉप्स संच वरच्या ग्रेडमध्ये, म्हणजे चांगल्या अवस्थेतल्या कार्डांचा, जमवायला घेणं म्हणजे विकतचं दुखणं. वर्ष होत आलं, तरी मी अजून त्यातच आहे, म्हणून हा अनुभव.

अमेरिकेत टॉप्स कंपनी च्युइंगमच्या पाकिटातून बेसबॉलपटूंची कार्डं विकायची. १९७१च्या संचात ७५२ कार्डं आहेत आणि चारही बाजूंनी काळी बॉर्डर. दिसायला झकास, पण कडेची शाई जरा उडाली की आतला पुठ्ठा पांढरा उघडा पडतो. पोरांनी ही कार्डं रबर लावून, खिशात कोंबून वापरली. त्यामुळे धड कोपऱ्यांचं कार्ड विरळाच.

पीएसए, एसजीसी या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० ग्रेड देतात आणि ते प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये सीलबंद करतात. ७ वरून ८ वर जाताना किंमत चढते, ९ ला तर डोळे पांढरे होतात. मी ७-८ वरच थांबलो आणि मला त्याची खंत नाही.

यांकीज संघाचा कॅचर थर्मन मन्सन याचं ५ नंबरचं कार्ड घ्या. आडवं कार्ड, होम प्लेटवर उडालेला धुरळा, खाली घसरत आलेला धावपटू आणि कोपऱ्यात रुकी ट्रॉफी, म्हणजे गाजलेल्या नवोदिताच्या कार्डावर टॉप्स छापायचं ते चषकाचं चित्र. या संचातलं सगळ्यात देखणं कार्ड हेच, माझ्या मते. एका कार्ड शोमध्ये ८ चं आणि ७ चं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. ८ मध्ये चित्र चक्क एका बाजूला सरकलेलं, कारण त्या ग्रेडला साधारण ६५-३५ पर्यंतचं सेंटरिंग, म्हणजे समोरासमोरच्या बॉर्डरींच्या रुंदीतला एवढा फरक, चालतं. ७ चं मात्र नीट मधोमध. भिंगाखाली खालच्या कोपऱ्यावर केसाएवढी पांढरी रेघ दिसते, नुसत्या डोळ्यांना नाही. ७ घेतलं, बरेच डॉलरही वाचले.

स्लॅबमध्ये नसलेलं सुटं कार्ड घेणार असाल तर या संचात खास जपा. पांढऱ्या कडांवर काळं मार्कर फिरवणारे महाभाग फार. कार्ड आडवं धरून कडेवर उजेड पाडा. मार्करची जागा जांभळट झाक देते. विक्रेता भिंग लावू देत नसेल तर पुढच्या टेबलाकडे चालू लागा, वाद घालत बसू नका. असं रंगवलेलं कार्ड पकडलं गेलं तर ग्रेडिंगवाले नंबर देत नाहीत.

आणि स्लॅब म्हणजे वेदवाक्य नव्हे. पीएसएने ८ दिलेलं जुन्या काळचा बेसबॉलपटू होनस वॅगनर याचं टी२०६ कार्ड (टी२०६ हा सिगारेटच्या पाकिटांतून आलेला जुना संच), जे कधीकाळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीकडे होतं, त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या हे लिलाववाले बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. एवढ्या नावाजलेल्या कार्डाची ही कथा! खोटे स्लॅबही फिरतात, म्हणून लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून पाहतो. तिथे फोटो असेल तर कोपऱ्यान्‌कोपरा ताडून मगच पैसे.

रोजच्या वापराचं म्हणाल तर स्लॅबवर ओरखडे लवकर पडतात, वरून पातळ पिशवी हवीच. शिवाय स्लॅब हवाबंद नसतो. इकडे न्यू जर्सीत उन्हाळ्यात तळघर दमट होतं, म्हणून माझा डबा वरच्या मजल्यावरच्या कपाटात, उन्हापासून लांब. बायकोच्या पैठण्यांच्या शेजारी जागा मिळाली, यातच सगळं आलं.

नव्याने सुरू करणाऱ्याने पिट्सबर्ग संघाच्या रॉबर्टो क्लेमेंटेचं ६३० नंबरचं कार्ड आधी बघावं. त्याच वर्षी पिट्सबर्गने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकली आणि क्लेमेंटे तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यामुळे मागणी कायम. पण मधोमध छापलेलं ७ धीर धरला तर सापडतं. हा संच टप्प्याटप्प्याने बाजारात आला होता; मी आता ६४४ नंबरपासूनच्या शेवटच्या टप्प्याकडे वळलोय. ती कार्डं मुळातच कमी, म्हणून तिथे ८ चा हट्ट सोडलाय. सेंटरिंग चांगलं असेल तर ६ सुद्धा घेईन.