फोनवरचं टीव्हीवर: डोंगल, स्टिक की टीव्हीतलंच कास्ट?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन ‘फोन टीव्हीला बिनवायरीचा जोडायचाय, काहीतरी दाखवा’ म्हटलं, की काउंटरवर दोन वस्तू येतात. एक, हजाराच्या आतला बिननावाचा वायफाय डोंगल, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये (चित्र-आवाजाच्या खाचेत) खोचायचं, फोनचं चित्र पकडणारं यंत्र. दुसरी, पाच हजारांच्या आगेमागे असलेली स्टिक, तशीच खोचायची पण स्वतःची ॲप आणि रिमोट असलेली. दुकानदार भला असेल तर त्याआधी एक प्रश्न विचारतो: ‘टीव्ही कुठला आहे? त्यात असेलच की!’ हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही चालवणाऱ्या संचांमध्ये कास्टची, म्हणजे फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ लावण्याची, सोय आतच असते. टीव्ही साधा असला तरी एअरटेल एक्स्ट्रीम किंवा टाटा प्ले बिंज प्लस यांसारखा अँड्रॉइड टीव्हीवर चालणारा बॉक्स घरात असेल, तर त्यातही ती असते. खिशात हात घालण्याआधी एवढं बघा. अनेकांना वेगळं काही विकत घ्यावंच लागत नाही.

मुळात घोळ आहे तो शब्दांचा. मिररिंग आणि कास्टिंग दुकानात एका दमात उच्चारले जातात, पण कामं निराळी. चाळीच्या भाषेत सांगायचं तर मिररिंग म्हणजे खालच्या नळावरून हंडा भरून तिसऱ्या मजल्यावर आणणं. व्हिडिओ आधी फोनवर येतो, फोन तो पडद्यावर उलगडतो, त्या पडद्याचं चित्र पुन्हा दाबून लहान करतो आणि टीव्हीकडे धाडतो. त्यामुळे फोनचा पडदा सतत चालू ठेवावा लागतो, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते आणि बँकेचा ओटीपी आला तर तो अख्ख्या हॉलला दिसतो. कास्टिंग म्हणजे वर निरोप पाठवणं, ‘घरातला नळ सोडा’. फोन फक्त पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतो. मग फोन खिशात टाका, त्यावर गप्पा मारा, चित्र हलत नाही.

मिररिंगचं जुनं आणि सर्वांत पसरलेलं तंत्र म्हणजे मिराकास्ट. वायफायचे नियम ठरवणाऱ्या वायफाय अलायन्स या संघटनेने ते २०१२ मध्ये आणलं. फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात, राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. प्रत्येक कंपनीने त्याचं बारसं वेगळं केलंय: सॅमसंगच्या फोनवर ‘स्मार्ट व्ह्यू’, एलजीच्या टीव्हीवर ‘स्क्रीन शेअर’, तर शाओमीच्या फोनवर नुसतं ‘कास्ट’, आणि हे शेवटचं नाव तर गोंधळात भरच घालतं. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये मिराकास्ट नाहीच, त्यामुळे पिक्सेलवाल्याने मिराकास्टचा डोंगल घेतला तर तो शोभेलाच राहील. आयफोनमध्येही नाही. तिथे एअरप्ले, ॲपलचं स्वतःचं तंत्र.

स्वस्त डोंगल

खोक्यावर ‘४के’ आणि ‘५जी’ ठळक छापलेलं असतं. यातलं ५जी म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. आणि बऱ्याच डोंगलांत तेही नसतं, फक्त २.४ गिगाहर्ट्झ. मुंबईत नेमकं इथेच गाडं अडतं. पंचवीस मजली एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत किंवा टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची डझनावारी नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सगळी इमारत त्या तीन डब्यांत कोंबलेली, साडेआठच्या विरार लोकलसारखी. दुपारी दुरुस्त वाटणारा डोंगल रात्री नऊला अडखळायला लागतो, तो याच कारणाने. दुकानात नीट चाललेला घरी का चालत नाही, याचंही उत्तर बहुधा हेच.

दुसरा रोग विजेचा. डोंगलला यूएसबीची शेपटी असते आणि ती आपण टीव्हीच्याच यूएसबीत खोचतो. टीव्हीचं साधं यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर देतं. चित्र सुरू झालं की डोंगलची भूक वाढते, वीज कमी पडते आणि तो पुन्हापुन्हा बंद होऊन चालू होतो. जुन्या फोनचा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर लावा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

जोडणी अशी: डोंगल एचडीएमआयमध्ये लावा, टीव्हीचा सोर्स बदला. पडद्यावर डोंगलच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड दिसतो (बऱ्याचदा १२३४५६७८, तो लगेच बदला). अँड्रॉइडवरून मिराकास्टने थेट जोडता येतं. आयफोनसाठी आधी डोंगलचं वायफाय पकडायचं, मग स्क्रीन मिररिंग. अनेक डोंगलांवर एक बारीक बटण असतं, ते या दोन अवस्थांमध्ये अदलाबदल करतं. ‘आयफोनला दिसतच नाही’ म्हणून डोंगल परत नेणाऱ्यांनी ते बटण दाबून बघितलेलं नसतं.

एवढं करून ओटीटी लावलं, की आवाज येतो आणि पडदा काळा. हा बिघाड नाही. पैसे भरून बघायच्या ॲपना चित्राची नक्कल होऊ द्यायची नसते. मिररिंगच्या वाटेत एचडीसीपी नावाचं कुलूप दोन्ही टोकांना हवं, ते स्वस्त डोंगलात नसतं. काही ॲप फोनवरच पडद्याची नक्कल रोखतात. तेव्हा लग्नाचे फोटो, मुलांच्या वर्गाचं प्रेझेंटेशन, व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ, एवढ्यासाठी डोंगल ठीक. ओटीटीसाठी घेऊ नका, फुकट दिला तरी.

स्टिक

ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आणि शाओमीची टीव्ही स्टिक ४के दिसायला बहिणी, स्वभावाने वेगळ्या. शाओमीची स्टिक अँड्रॉइड टीव्हीवर चालते, तिच्यात गुगल कास्ट आहे, २ जीबी रॅम आणि ८ जीबी जागा. फोनवरच्या ॲपमध्ये कोपऱ्यात तीन लहरी काढलेला चौकोन दाबला की ती यादीत येते. फायर स्टिकमध्ये गुगल कास्ट नाही. तरी यूट्यूब मात्र फोनवरून तिच्यावर जातं, कारण यूट्यूब आणि नेटफ्लिक्सने मिळून उभारलेला डायल नावाचा वेगळा रस्ता तिथे वापरला जातो. म्हणून ‘यूट्यूब जातं, दुसरं ॲप का जात नाही’ हा प्रश्न फायर स्टिकवाल्यांच्या तोंडी कायम. मिररिंगची सोय असलेल्या फायर स्टिकवर रिमोटचं घराचं बटण दाबून धरायचं आणि मेनूतून मिररिंग निवडायचं. पण स्टिक घेऊन मिररिंग करणं म्हणजे घरात नळ असून हंडा वाहणं. तिच्यातलं ॲप उघडा, काम सोपं होतं.

भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे स्टिक सरळ बसत नाही आणि टीव्हीची पत्र्याची पाठ तिचं वायफाय अडवते. एचडीएमआयची वीतभर लांबीची वाढीव तार लावून स्टिक कडेला बाहेर काढा. खोक्यात ती आलेली असेल तर फेकू नका. बिल मात्र जीएसटीचं आणि सिरियल नंबर घातलेलं घ्या, वॉरंटीला तेच चालतं.

टीव्ही पंधरा वर्षं जुना असला तरी हरकत नाही, एचडीएमआय पोर्ट हवं. लाल-पांढरा-पिवळा एवढंच असेल तर मध्ये एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लागतो. त्याने चित्र उतरतं खरं, पण इतकं मऊ की सबटायटल वाचताना डोळे शिणतात.

खरा गुन्हेगार: राउटर

टीव्ही यादीत दिसत नाही, ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि दोष स्टिकचा नसतो. कास्टला फोन आणि टीव्ही एकाच जाळ्यात हवेत. मुंबईच्या घरात अनेकदा दोन जाळी असतात: केबलवाल्याने किंवा फायबरवाल्याने बसवलेला वायफायचा डबा आणि त्याला जोडून आपण आणलेला राउटर. फोन एकावर, टीव्ही दुसऱ्यावर. दोघांवरही इंटरनेट उत्तम चालतं, म्हणून संशय येत नाही. दोन्हींचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्यांचा क्रमांक, सेटिंग्जमध्ये बघा. फोनचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि टीव्हीचा १९२.१६८.० ने, तर चोर सापडला. एका डब्याचं वायफाय बंद करा, किंवा आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं जाळं करत नाही.

तेही बरोबर असेल तर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ शोधा. ते चालू असलं की एका वायफायवरची दोन यंत्रं एकमेकांना बघू शकत नाहीत. पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क हेच करतं. काही डब्यांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांमध्ये शोधाच्या हाका पोचत नाहीत, तेव्हा फोन आणि टीव्ही एकाच पट्टीवर आणून बघा. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. आयफोनवर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते. आयओएस १४ पासून ती वेगळी विचारली जाते, आणि पहिल्या दिवशी घाईत ‘नको’ दाबलं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते.

राउटरच्या पानात शिरायचंच नसेल तर यूट्यूबपुरती एक पळवाट आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘टीव्ही कोडने जोडा’ निवडलं की १२ आकडी कोड येतो. तो फोनच्या यूट्यूबमध्ये घातला की काम झालं. फोन मोबाइल डेटावर असला तरी चालतं, एकच वायफाय लागत नाही. गणपतीत आजीला लालबागच्या राजाचं थेट दर्शन मोठ्या पडद्यावर लावून द्यायचं तर ही वाट सगळ्यात कमी कटकटीची.

डबा दारावरच्या मीटरच्या खोक्याजवळ, टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये आरसीसीची भिंत नि लोखंडी कपाट, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. ५ गिगाहर्ट्झ गर्दीत चांगलं, भिंतीपुढे दुबळं. हलवता येत नसेल तर डब्यापासून टीव्हीपर्यंत लॅनची (इंटरनेटची) तार ओढा. फोन वायफायवर आणि टीव्ही तारेवर असला तरी जाळं एकच राहतं, कास्ट चालतं. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं. त्यावर नाक मुरडू नका: नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस मागतं, साध्या १०८०पी चित्रासाठी ५.

फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा तर एका फोनने हॉटस्पॉट द्यावा आणि कास्ट दुसऱ्याने करावं, हा भरवशाचा मार्ग. आयफोनचा हॉटस्पॉट जुन्या टीव्हीला दिसत नसेल तर ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करा, म्हणजे तो २.४ गिगाहर्ट्झवर येतो. डेटाचा हिशेब ठेवा, एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं.

आणखी एक, टीव्हीला नाव द्या. टॉवरमध्ये मिराकास्टची यादी उघडली की दोन-तीन एकसारखी मॉडेल-नावं समोर येतात आणि वरच्या मजल्यावरच्या काकांच्या टीव्हीवर तुमच्या फोनची विनंती जाऊन धडकते. नावात फ्लॅट नंबर मात्र घालू नका.

ॲपवाल्यांच्या अटी

यंत्र ठीक, जाळं ठीक, तरी चालत नाही, तेव्हा आपला प्लॅन बघा. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन फोन आणि टॅबपुरताच आहे, टीव्हीवर जात नाही. जिओहॉटस्टारच्या मोबाइल प्लॅनचंही तेच. शिवाय नेटफ्लिक्सने एअरप्ले २०१९ मध्येच काढून टाकलं, आणि २०२५च्या अखेरीस स्वतःचा रिमोट असलेल्या बहुतेक टीव्ही-स्टिकवर फोनवरून कास्ट करणंही बंद केलं. क्रोमकास्ट म्हणजे गुगलचं टीव्हीला खोचायचं कास्टचं यंत्र; रिमोट नसलेल्या जुन्या क्रोमकास्टवर ते जाहिरातींशिवायच्या प्लॅनमध्ये चालतं. गंमत अशी, की ज्या जुन्या क्रोमकास्टला लोक भंगारात काढत होते, त्याला एका कामापुरता भाव आला. पण म्हणून आता तो शोधून विकत घेऊ नका. गुगलने क्रोमकास्टचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं, आणि मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर एकदम बंद पडले होते. काही दिवसांत गुगलने दुरुस्ती पाठवली, तेव्हा ते उठले.

फोनमध्ये उतरवून ठेवलेले चित्रपट पाठवायला व्हीएलसी हे ॲप चांगलं. टीव्हीला फाइल झेपली नाही तर ते वाटेतच रूप बदलून देतं, फक्त फोन तापतो. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर फाइलमधला ध्वनी डीटीएस नावाच्या प्रकारातला असण्याची शक्यता मोठी. अनेक टीव्ही तो वाचत नाहीत.

क्रिकेटसाठी कास्ट करणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चालावी. थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून येतं आणि टीव्ही पुढचे तुकडे साठवून मगच दाखवतो. डिश लावलेल्या शेजाऱ्याच्या घरात विकेट आधी पडणार, आरडाओरडा भिंतीतून ऐकू येणार. यावर सेटिंग नाही. खिडकी बंद करा.

आणि एवढा खटाटोप नकोच असेल तर तार. आयफोन १५ पासून पुढचे फोन, पिक्सेल ८ पासून पुढचे आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतले एस८ पासूनचे मुख्य फोन यूएसबी-सीमधून थेट एचडीएमआयला चित्र देतात, उशीर जवळपास शून्य. स्वस्त फोनचं टाइप-सी पोर्ट दिसायला तसंच, पण बहुतेकांत चित्राची सोय नसते. ॲडॉप्टरच्या खोक्यावर ‘सगळ्या टाइप-सी फोनना चालतो’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. काउंटरवरच आपला फोन लावायला सांगा, टीव्हीवर चित्र आलं की मग पैसे द्या.