मोटर बदला म्हणाले होते, दोष निघाला अर्थिंगचा

फोंड्यातल्या ह्या ऑटो इलेक्ट्रिशियनबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं, आता पाऊस सुरू झालाय आणि पुष्कळांच्या गाडीचे ब्लोअर (एसीची हवा फेकणारा पंखा) बंद पडतील म्हणून आजच लिहितो.

माझी गाडी 2014 ची, साधा मॅन्युअल एसी, ब्लोअरचे चार स्पीड. मे महिन्यात एक-दोन-तीन गेले, फक्त चारवर हवा यायची. मी म्हटलं चालतंय तोवर चालवू. मग जूनमध्ये बेळगावहून चोर्ला घाटाने उतरताना पाऊस, धुकं आणि त्यात तो चौथासुद्धा मध्येच बंद. काच आतून एवढी धुरकटली की बायको शेजारी बसून टॉवेलने पुसत होती आणि मागे दोन मुलं. घाटाखालचं केरी येईपर्यंत जीव मुठीत धरून गाडी चालवली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली (नाव लिहीत नाही). त्यांनी मोटरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढला, मीटर लावला, 12 व्होल्ट दाखवले आणि म्हणाले बघा सप्लाय येतोय म्हणजे मोटर गेली, साडेसहा हजार होतील. मलाही पटलं, आकडा तर समोर दिसत होता.

शेजाऱ्याने सांगितलं म्हणून मोटर बदलण्याआधी इथे फोंड्याला आलो. ह्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, आधी खालचे तीन गेले का चौथा? सांगितल्यावर म्हणाले, पात्रांव (म्हणजे साहेब), मग तुमचे फॉल्ट दोन आहेत, एक नव्हे. खालचे तीन स्पीड रेझिस्टन्समधून (करंट कमी करणारा पार्ट) जातात, चौथा त्याला वळसा घालून थेट. म्हणजे तीन गेले आणि चौथा चालू तर रेझिस्टन्स, आणि चौथा अधूनमधून जातो तर ते दुखणं वेगळं.

ग्लोव्ह बॉक्स उतरवला. रेझिस्टन्सचा कपलर बाहेर काढून माझ्या हातात दिला, एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी होऊन वितळलेलं, आणि रेझिस्टन्सवरचा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटतो तो) उडालेला. कारण पण लगेच दाखवलं. केबिन फिल्टर काढला तर त्यावर लाल धुळीचा थर आणि कुजलेली पानं (मी रोज डिचोलीच्या बाजूला जातो, खाणीच्या ट्रकांमागून, आणि फिल्टर मी चार वर्षांत बदललाच नव्हता). रेझिस्टन्स थंड राहतो तो ब्लोअरच्याच हवेने, हवा कोंडली की तापतो.

मग खरं काम. ह्यांनी कपलर न काढता, इंजिन चालू, ब्लोअर चारवर, आणि मागच्या बाजूने प्रोब (मीटरची सुई) घालून मोजलं. बॅटरीवर 14.1 व्होल्ट, मोटरवर 11.3. मग मीटरचं एक टोक मोटरच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, तिथे 2.5 व्होल्ट! पॉझिटिव्हच्या बाजूला फक्त 0.3. म्हणाले अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला 0.2 च्या वर गेलं की काहीतरी आहे. कपलर काढून मोजलं की करंट वाहतच नाही, म्हणून गंजलेल्या अर्थमधूनसुद्धा मीटर पूर्ण 12 दाखवतो, मोटर करंट ओढायला लागली की मगच व्होल्टेज कमी पडतं ते कळतं. एवढी साधी गोष्ट, पण ती माहीत नसती तर माझी चांगली मोटर भंगारात गेली असती.

प्रोब पुढे पुढे सरकवत अर्थचा बोल्ट सापडला, डाव्या पायापाशी कार्पेटच्या मागे, हिरवा पडलेला. आपल्याकडची दमट हवा, त्यात कधीतरी पाणी आत आलं असणार. घासून काढला, नवीन टर्मिनल लावलं, ग्रीस लावलं. परत मोजलं, 0.1. मग क्लॅम्प मीटर लावून मोटरचा करंट पाहिला, कारण मोटर जाम असेल तर जास्त ओढते आणि नवा रेझिस्टन्ससुद्धा जाळते. 16 अँपियर. म्हणाले, "मोटर बरी आसा."

रेझिस्टन्स 850, कपलर 150, फिल्टर 350, मजुरी 600. एकूण 1950. जुने पार्ट पिशवीत घालून दिले.

माझ्या मावसभावाच्या गाडीला ऑटो क्लायमेट आहे, तेही विचारून घेतलं. त्यात असा रेझिस्टन्स नसतो, ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं आणि एसीचा कंट्रोलर त्याला सिग्नल देतो. तिथे आधी पॉवर, अर्थ आणि सिग्नल तिन्ही तपासायचे, तिन्ही ठीक आणि तरी मोटर फिरत नाही तरच मॉड्यूल किंवा मोटरवर यायचं. उगाच मॉड्यूल मागवू नका, महाग असतं, असं स्वतःहून सांगितलं.

एक स्टार कमी देतोय तो बिलासाठी, मागितल्यावरच चिठ्ठीवर लिहून देतात, आणि हे असं काम करणाऱ्याने पक्कं बिल द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. फोन पण लवकर उचलत नाहीत. दुपारी एक ते चार बंद, गणेश चवथीच्या आठवड्यात पूर्ण बंद, तेव्हा सकाळी नवाच्या आत जाऊन नंबर लावा आणि कोणता स्पीड कधी गेला ते आठवून जा, पहिला प्रश्न तोच विचारतात.