आरोग्य विमा, गंभीर आजार पॉलिसी आणि घरची शुश्रूषा : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, गेल्या वर्षी ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांच्या नावावर दोन पॉलिसी होत्या : एक रुग्णालयाचा खर्च भरून देणारी ५ लाखांची, आणि दुसरी त्यांनी निवृत्तीपूर्वी घेतलेली १० लाखांची गंभीर आजार पॉलिसी, म्हणजे ठरावीक गंभीर आजार झाल्यास एकरकमी पैसे देणारी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी दीर्घकाळ शुश्रूषा करताना या दोहोंचा किती उपयोग झाला, ते इथे लिहीत आहे. अशा अटी बहुतेक सगळ्याच कंपन्यांच्या पॉलिसींत असल्यामुळे नावे देण्याची गरज वाटत नाही.

जळगावच्या रुग्णालयातले बिल कॅशलेस पद्धतीने, फारशी कटकट न होता भागले. डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतली औषधे, तपासण्या आणि फिजिओथेरपी यांचे पैसेही मिळाले. आबांना आंघोळ घालणे, कूस बदलणे, कपडे बदलणे यासाठी ठेवलेल्या माणसाच्या पगाराचा दावा मात्र नामंजूर झाला, आणि हा नकार नियमाला धरूनच होता. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये दैनंदिन वैयक्तिक शुश्रूषा स्पष्टपणे वगळलेली आहे. ती घरी असो वा शुश्रूषागृहात, आणि करणारी व्यक्ती प्रशिक्षित परिचारिका असो वा साधी मदतनीस. पॉलिसीतल्या ‘घरी उपचार’ या कलमावर आमची भिस्त होती, पण तिथेही डॉक्टरांच्या देखरेखीखालील सक्रिय उपचारच अभिप्रेत असतात. ७० वर्षांवरील सर्वांना मिळणारे सरकारी आयुष्मान वय वंदना कार्डही रुग्णालयातल्या उपचारांसाठीच आहे. जपानमध्ये २००० सालापासून चाळिशीपुढच्या नागरिकांना शुश्रूषा विम्याचा हप्ता सक्तीने भरावा लागतो; आपल्याकडे तशी सार्वत्रिक योजना नाही, म्हणून ही पोकळी घरानेच भरायची असते.

आमच्या घरात ती गंभीर आजार पॉलिसीने भरली. तिच्या व्याख्येनुसार पक्षाघातामुळे आलेले कायमचे व्यंग किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे झटका आल्याबरोबर पैसे हाती येतील अशी अपेक्षा ठेवू नये. मेंदूविकारतज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणि एमआरआयचे अहवाल जोडल्यावर पूर्ण रक्कम एकरकमी जमा झाली, आणि ती कशावर खर्च केली हे कोणी विचारले नाही. शुश्रूषेच्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण. दिवसपाळीच्या मावशींचे १४,००० रुपये, डायपर, फिजिओथेरपी आणि औषधे मिळून आमचा महिना २५,००० च्या पुढे जातो. हे पैसे नसते तर शेताचा एखादा तुकडा विकण्याची भाषा घरात सुरू झाली असती.

पैशाने न सुटणाऱ्या अडचणीही आहेत. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, घामाने पाठीची कातडी लगेच खराब होते, आणि शय्याव्रण टाळण्यासाठी घेतलेली हवेची गादी विजेवर चालते. म्हणून गादीच्या आधी इन्व्हर्टर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. वेचणीच्या हंगामात मावशी हमखास सुट्टी घेतात, कारण त्यांच्याही घरी कापूस असतो. त्या काळासाठी बदली माणूस श्रावणातच ठरवून ठेवावा. रात्रपाळी मी आणि यजमान वाटून घेतो. माझ्या संध्याकाळच्या शिकवण्या बंद झाल्या, ते उत्पन्न कोणत्याही दाव्यात धरले जात नाही आणि नातेवाइकांच्या हिशेबातही क्वचितच येते. आखाजीला मला माहेरी जाता यावे म्हणून नणंदबाईंनी आठवडाभर आबांचे सगळे केले. अशी विश्रांती कोण, केव्हा देणार हे पैशांच्या नियोजनाइतकेच आधी ठरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रांविषयी थोडे. बँकेत सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नये, कारण ते देणाऱ्याची समज हरपली की त्याचा अधिकार संपतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जरूर काढावे : जुनी करप्रणाली निवडलेल्या आमच्या घराला प्राप्तिकराच्या कलम ८०डीडीखाली आबांच्या ८० टक्के दिव्यांगत्वामुळे १,२५,००० रुपयांची वजावट मिळाली.

गंभीर आजार पॉलिसी दावा दिल्यावर संपली, नेहमीची आम्ही चालू ठेवली आहे, कारण छातीत संसर्ग होऊन पुन्हा भरती करावे लागण्याचा धोका कायम आहे. पन्नाशीच्या आतल्या, धडधाकट माणसाने शुश्रूषेसाठी म्हणून काही घ्यायचे असेल, तर गंभीर आजार पॉलिसीच घ्यावी. मी आणि यजमानांनी त्यासाठी अर्ज केले आहेत. सासूबाईंना वय आणि मधुमेह यांमुळे ती नाकारली गेली. त्यांच्यासाठी टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडले असून, दर तिमाहीचे व्याज वेगळ्या खात्यात साठवत आहोत.