प्लेकोसाठी मातीची गुहा : लपलेला मासा बाहेर काढायची कटकट संपली

घरी ब्रिसलनोज प्लेको असेल, म्हणजे दुकानात ज्याला सरसकट सकर म्हणून देतात त्यातला लहान राहणारा प्रकार, तर ही मातीची गुहा डोळे झाकून घ्या. ५ पैकी ४ स्टार. एक स्टार का कापला ते खाली सांगते.

वस्तू एकदम साधी आहे. भाजलेल्या मातीची नळी, वर ग्लेझ नाही रंग नाही, तळ सपाट, वरून अर्धगोल, एक तोंड उघडं आणि मागची बाजू बंद. लांबी साडेपाच इंच, तोंड साधारण पावणेदोन इंच. ऑनलाइन घेतली, ब्रँड वगैरे काही नाही, ३५० रुपये आणि कुरियरचे वेगळे.

आता ३५० रुपये मातीच्या नळीला कशाला, असं वाटेल. पण ज्यांच्याकडे प्लेकोसारखा कॅटफिश आहे त्यांना माहितीये की हा मासा घरात असून नसल्यासारखा असतो, दिवसभर कुठल्यातरी फटीत आणि रात्री लाइट बंद झाली की बाहेर. एरवी त्याचं काही नाही, पण औषधासाठी वेगळ्या टँकमध्ये हलवायचं असतं, किंवा आमच्यासारखं ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपून घर बदलायचं असतं, तेव्हा बाकीचे सगळे मासे जाळीत आले तरी हे महाशय किल्ल्याच्या आत. आमच्याकडे आधी रेझिनचा किल्ला होता, दिसायला मस्त, पण आतून पोकळ, खिडक्यांच्या कडा धारदार आणि आत हात जायची सोयच नाही. अशा शोपीसच्या आत पाणी फिरत नाही, खाद्य आणि घाण साचते, आणि मासा वाढत जातो पण खिडकी तेवढीच राहते. लहान असताना आरामात ये-जा करणारा मासा एक दिवस त्याच खिडकीत अडकतो.

आणि अडकला की त्याला ओढायचं नाही, हे प्लीज लक्षात ठेवा. प्लेकोच्या अंगावर आपल्या रोहू-कटल्यासारखे खवले नसतात, हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, आणि घाबरला की तो पाठीवरचा आणि छातीजवळच्या परांचा पुढचा जाड काटा ताठ करून लॉक करतो, वर ब्रिसलनोजच्या गालाशी बारीक काट्यांचे झुपके असतात तेही फुलवतो. सगळे काटे मागच्या दिशेला झुकलेले. त्यामुळे शेपटीकडून ओढाल तितका तो जास्त घट्ट बसतो आणि पर फाटतात. खरंच फटीत रुतला असेल तर तो पुढेच सरकू शकतो, आणि तेही जमत नसेल तर किल्ला फोडा, पक्कडीने हळूहळू तोडा, मासा ओला ठेवून. शोपीस परत मिळतं. काडीने टोचणं, आत गरम पाणी किंवा मीठ ओतणं असले सल्ले पण मिळतात, त्यातलं एकही करू नका.

नुसता लपून बसला असेल तर माझी पद्धत अशी, की टँकचंच पाणी भरलेली बादली शेजारी ठेवायची, किल्ला सावकाश उचलून बादलीत तिरका धरायचा, मोठं तोंड पाण्यात आणि बाकीचा भाग वर. आतलं पाणी उतरतं तसा मासा पाण्याच्या दिशेने खाली सरकतो. प्लेको तोंडाने भिंतीला चिकटून राहतो त्यामुळे थोडा वेळ लागतो, घाई नको. रात्री काकडीची चकती जेवणाच्या काटा-चमच्यातल्या काट्याला टोचून किंवा बुडणारी वेफर (माशांच्या खाद्याची चकती) टाकून पण बाहेर काढता येतो, टॉर्चला लाल जिलेटीन लावलं की बिचकत नाही. पण बाहेर आला म्हणजे हातात आला असं नाही ना, जाळी पाण्यात गेली की परत आत! आणि जाळीत आलाच तर काटे जाळीत गुंततात, म्हणून प्लास्टिकचा डबा वापरा.

या गुहेचा खरा फायदा इथे आहे. किल्ला काढून टाकला, गुहा मागच्या कोपऱ्यात लाकडाच्या आडोशाला ठेवली, तोंड भिंतीकडे तिरकं, आणि काही दिवसांत आमचा नर स्वतःहून तिथे राहायला गेला. या माशाला ऐसपैस जागा आवडतच नाही, पाठ आणि दोन्ही बाजू भिंतीला लागतील अशी अंधारी जागा हवी. त्यामुळे आता त्याला बाहेर बोलवायची गरजच पडत नाही. दुपारी, लाइट चालू असताना, म्हणजे तो हमखास झोपलेला असताना, तोंडावर तळहात ठेवायचा आणि गुहा माशासकट उचलून डब्यात. जाळी नाही, पाठलाग नाही, झाडं उपटली जात नाहीत, खालची वाळू ढवळत नाही. नव्या घरी तो असाच आला, गुहेत बसून, आणि टँक लागल्यावर संध्याकाळी काकडीवर दिसला. मला याचं फार समाधान वाटलं, कारण अशा हलवाहलवीतच मासे दगावतात.

एक मात्र बघा. नर (नाकावर फांद्या फुटलेल्या मिशा असतात तो) गुहेच्या तोंडाशी बसून सारखा पर हलवत असेल आणि खायलाही येत नसेल, तर आत अंडी असू शकतात, नारिंगी रंगाचा घोसच्या घोस असतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण बाप करतो. पिल्लं बाहेर पडायला साधारण आठवडा लागतो आणि त्यानंतरही पोटाखालची पिवळी पिशवी संपेपर्यंत ती आतच असतात. त्या काळात गुहा उचलू नका, औषध-बिवषध काही असेल तर थांबता आलं तर थांबा.

आता तो कापलेला स्टार. तोंडाची कड नीट घासलेली नव्हती, बोट फिरवलं की खरखरीत लागत होती, मला पॉलिश पेपरने गोल करून घ्यावी लागली. पॅकिंग पण फक्त एका पेपरच्या गुंडाळीत, मातीची वस्तू आहे हो, बबल रॅप तरी लावा. आल्यावर दोनतीन दिवस पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला, मगच टँकमध्ये.

साइज घेताना माशाच्या रुंदीपेक्षा तोंड जरासंच मोठं घ्या. ब्रिसलनोज चार-पाच इंचांवर थांबतो, त्याला हा साइज पुरतो. दोन नर असतील तर दोन गुहा घ्या आणि लांब ठेवा, नाहीतर जागेवरून भांडतात. ज्यांच्याकडे साधा मोठा सकर आहे त्यांनी मात्र ही घेऊ नका, तो फुटाच्या वर जातो, त्याला ही पुरणारच नाही, त्याला मोठी टँक लागते. आणि मोठा झाला म्हणून नदी-तलावात तर अजिबात सोडू नका, दुकानदाराला परत द्या. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात हेच सकर पसरून बसलेत आणि तिथल्या मासेमारांच्या जाळ्यात आता तेच येतात.

बजेट नसेल तर प्लंबिंगच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून आणा, कडा घासा, एका बाजूला सपाट दगड टेकवा, उचलायचं काम त्यानेही होतं. फक्त आतून गुळगुळीत असतो, आणि आमच्या माशाने माती आणि पाइप शेजारी शेजारी असताना माती निवडली.