सांता खरा म्हणून सांगायचा, की गोष्ट म्हणून?

नोव्हेंबर संपत आला की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण आईबापांत हा विषय निघतोच. सांता खरंच येतो असं मुलाला सांगायचं, की तो गोष्टीतला आहे हे पहिल्यापासून सांगून टाकायचं? गप्प बसायची सोय कोल्हापुरात तरी आता उरलेली नाही. बालवाडीत कापसाची दाढी लावलेला सांता चॉकलेटं वाटून जातो, राजारामपुरीत दुकानांच्या दारात लाल टोप्या लटकलेल्या असतात, आणि शेजारच्या हिंदू घरातलं पोर आपल्या पोराला विचारतं, ‘तुमच्याकडं सांता काय देतो रे?’ उत्तर तयार ठेवावंच लागतं.

आमच्या घरात दोन्ही पद्धती एकत्र आल्या. बायको मिरजेची. तिच्या माहेरी चोवीस तारखेच्या रात्री उशाशी भेट यायची आणि ती सांतानेच आणलेली असायची. सत्य कळलं तेव्हा तिला फसवल्यासारखं मुळीच वाटलं नाही. अर्धवट झोपेत पावलांची चाहूल घेत पडून राहायची मजा ती आजही रंगवून सांगते. माझे वडील मात्र सरळ सांगायचे: कपडे मी महाद्वार रोडवरून आणले, करंज्या आईने तळल्या, आणि नाताळ येशूच्या जन्माचा. माझाही नाताळ कधी फिका गेला नाही. त्यामुळे मुलगी प्रश्न विचारायच्या वयाची होण्याआधी आम्हा दोघांना बसून ठरवावं लागलं.

खरा सांता सांगण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते मी मनापासून मानतो. मुलाची कल्पना फुलते हे एक. दुसरं मला जास्त पटतं: देणारा अनामिक राहतो. सांता ज्याच्यावरून आला तो संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा शहराचा बिशप, म्हणजे चर्चचा प्रमुख धर्मगुरू. ते ठिकाण आजच्या तुर्कस्तानात येतं. त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी की हुंड्यावाचून अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, कुणी दिल्या ते कळू नये म्हणून. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, ही प्रभूचीच शिकवण. मुलाकडून आभाराची अपेक्षा न ठेवता भेट देणारे आईबाप त्याच वाटेने चाललेत असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही.

विरुद्ध बाजूने नेहमी येणारा मुद्दा म्हणजे विश्वासाचा. न दिसणारा सांता खोटा निघाला, तर न दिसणारा देवही खोटा वाटेल. खरं सांगायचं तर या मुद्द्याने माझा निर्णय झाला नाही. बायकोचा विश्वास माझ्यापेक्षा तसूभरही कमी नाही, आणि सांतावर विश्वास ठेवून वाढलेले कितीतरी जण आज मंडळीत उपासना चालवतात. एखाद्या मुलाच्या मनात तसा किंतू येतही असेल, पण माझ्या पाहण्यात तरी नाही.

निर्णय झाला तो सासुरवाडीत. त्या वर्षी नाताळला सगळे साडू-मेहुण्या मिरजेत जमले होते. सकाळी उपासनेला निघायच्या आधी मुलांनी आपापल्या भेटी उघडल्या. थोरल्या साडूंच्या मुलाला गिअरची सायकल. धाकट्या साडूंच्या मुलाला कंपासपेटी आणि रंगीत पेन्सिली. धाकट्याचा पगार काही महिन्यांपासून थकलेला होता, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. पोराने सायकलकडे पाहिलं, पेटी दोनदा उघडली, मिटली, आणि आईला विचारलं, ‘मी काय वाईट केलं होतं?’

सगळा महिनाभर त्याला हेच तर सांगितलं होतं ना, की शहाण्यासारखं वागलास तर सांता देईल! आता त्याने त्या सांगण्याचा हिशोब सरळ मांडला. आणि त्याला द्यायचं उत्तर अगदी साधं होतं: बाळा, यंदा बाबांच्या हातात पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बघू. कष्टकरी घरातलं मूल हे उत्तर समजून घेतं. मी स्वतः घेतलेलं आहे. पण ते द्यायचं तर सांता मोडावा लागला असता, तोही बाकीच्या मुलांसमोर. मग कुणी म्हणालं सांताची गाडी भरली होती, कुणी म्हणालं पत्र उशिरा पोचलं. पोराचा बाप काहीच बोलला नाही. ज्याने तंगीतही ती पेटी आणली, त्याला ‘मी आणली’ एवढं म्हणायचीही मुभा नव्हती.

मला तिथे खटकलं ते हे. परीकथेबद्दल माझी तक्रार नाही. पण या परीकथेला गुण-अवगुणांची वही जोडलेली आहे, आणि भेट मात्र बापाच्या खिशाप्रमाणे येते. रविवारच्या शाळेत आपण शिकवतो की देवाची देणगी आपल्या लायकीवर मिळत नाही, ती कृपा आहे. आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाला त्याच मुलाला नेमकं उलटं शिकवायचं? तुमच्या घरात एकुलतं एक मूल असेल, नात्यात साधारण सारखी परिस्थिती असेल, ‘शहाणा वागलास तर’ हे शेपूट तुम्ही लावत नसाल, तर हा त्रास कदाचित तुम्हाला होणारही नाही. आमच्याकडे तसं नव्हतं.

काहीजण मधला मार्ग म्हणून भेट येशूबाळाने आणली असं सांगतात. जर्मनीत प्रोटेस्टंट सुधारणेनंतर संत निकोलसऐवजी ख्रिस्तबाळ भेटी आणतो असं सांगायची प्रथा रुजली. स्पेनमध्ये ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे त्या आणतात. तीन राजांचं मला गोड वाटतं. पण येशूचं नाव या कामाला लावायला माझा ठाम नकार आहे. सांता खोटा ठरला तर एक सांता जातो; इथे मूल कुणाबद्दल शंका घेईल याचा विचार करा.

परंपरा मोडते अशी धास्ती असेल तर थोडं मागे पाहा. रेनडिअरच्या गाडीतून येणारा सांता लोकांना माहीत झाला तो न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथल्या वर्तमानपत्रात १८२३ साली छापलेल्या एका कवितेमुळे. त्यानंतर तीसच वर्षांच्या आत, १८५२ मध्ये, अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि इथलं मिशनचं काम सुरू झालं. म्हणजे हा सांता आपल्या मंडळीपेक्षा फार जुना नाही. आमच्या आजीच्या नाताळात दारावरची चांदणी होती, फराळाची ताटं शेजारीपाजारी जात होती, पहाटेची गाणी होती. सांताचं नावही नव्हतं.

खरं सांगण्यातली अडचणही सांगायला हवी, कारण ती खरीच आहे. तुमचं मूल जाऊन दुसऱ्याच्या मुलाला सांगतं. आमच्या मुलीने रविवारच्या शाळेत एका मैत्रिणीला सांगितलं, आणि तिच्या आईचा संध्याकाळी फोन आला. त्या बाईंचा राग रास्त होता. तेव्हापासून आम्ही मुलीला सांगतो की काही घरांत हा खेळ चालतो, आणि दुसऱ्याच्या खेळातला पत्ता आपण उघडा करायचा नसतो. हे तिला पटलं, पण प्रत्येक मुलाच्या पोटात राहील याची हमी मी देत नाही.

आमच्याकडे सांता हद्दपार नाही. नाताळची गाणी गात घरोघरी येणाऱ्या कॅरलवाल्यांबरोबर लाल झगा घालून तरुण संघाचा एखादा पोरगा येतो, तेव्हा मुलगी त्याच्याभोवती नाचते आणि दाढी ओढून बघते. निकोलसची गोष्ट ऐकल्यापासून तिला तिचं वेगळंच वेड लागलंय: फराळाचा एक पुडा खालच्या वॉचमनकाकांच्या खुर्चीवर गुपचूप ठेवायचा आणि जिन्यातून लपून पाहायचं. चाहूल घेण्याची जी मजा बायको सांगते, ती इथे आहेच, फक्त मुलगी आता देणाऱ्याच्या बाजूला आहे. बायकोला शेवटी पटलं ते याच्यामुळे.

तुमचं मूल आधीच सांतावर विश्वास ठेवत असेल, तर डिसेंबरात काही बोलू नका. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, एखाद्या निवांत दिवशी, आधी निकोलसची गोष्ट सांगा आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. त्याने विचारलं की मात्र टाळू नका. आणि आजी-आजोबांना अगोदर विश्वासात घ्या. नाहीतर तुम्ही खरं सांगून वळताय तोवर आजी म्हणते, ‘असं कसं, गेल्या वर्षी मी स्वतः पाहिला की त्याला!’