‘द क्रूसिबल’ : मूस आणि माणूस

‘बोनान्झा’ या अमेरिकी वेस्टर्न (अमेरिकेच्या जुन्या पश्चिम मुलखातल्या गोष्टी सांगणाऱ्या) मालिकेचे चारशेहून अधिक भाग १९५९ ते १९७३ या काळात एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झाले. त्यांतला कोणता भाग आधी पाहावा असे कोणी विचारले, तर मी विनासंकोच एप्रिल १९६२ मधल्या ‘द क्रूसिबल’चे (क्रूसिबल म्हणजे धातू वितळवायची मूस) नाव घेईन. या भागातले प्रमुख पाहुणे कलाकार आहेत ली मार्विन. त्यांच्या आणि पर्नेल रॉबर्ट्स यांच्या जुगलबंदीवरच हा सारा भाग उभा आहे.

गोष्ट साधी आहे. मालिकेच्या केंद्रस्थानी असलेल्या कार्टराइट कुटुंबातला थोरला मुलगा अ‍ॅडम (रॉबर्ट्स) वाटेत लुटला जातो. घोडा गेला, पैसे गेले, पाणीही नाही, अशा अवस्थेत नेवाडाच्या उजाड मुलखात भटकताना त्याला पीटर केन (मार्विन) हा एकटा खाणकरी भेटतो. केन त्याला पाणी देतो, आसरा देतो आणि काही दिवस खाणीत राबलास तर खेचर देईन, असा सौदा करतो. नंतर तो त्या खेचरालाच गोळी घालतो आणि अ‍ॅडमला त्याच्या जागी जुंपतो. सुसंस्कृत म्हणवणाऱ्या माणसालाही पुरेसे छळले तर तो खून करतोच, हे केनला सिद्ध करायचे असते आणि त्यासाठी तो स्वतःचाच जीव पणाला लावतो.

वेस्टर्नमधल्या खलनायकाला सहसा जमीन हवी असते, सोने हवे असते किंवा सूड हवा असतो. केनला मात्र फक्त वाद जिंकायचा आहे, आणि मार्विन यांनी हे वेगळेपण अचूक हेरले आहे. धिप्पाड अंगाचा आणि भरड, जड आवाजाचा हा नट सहज आरडाओरडा करू शकला असता. पण केन बहुतेक वेळ पाहुण्याशी बोलावे तसा शांतपणे बोलतो, शेकोटीपाशी बसून समोरच्याला न्याहाळतो, एखादा शब्द लागला की किंचित हसतो. त्या हसण्यात इतका एकाकीपणा आहे की त्याची भीती वाटते आणि त्याच क्षणी त्याची कीवही येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलातून लढलेले मार्विन १९४४ मध्ये पॅसिफिकमधल्या सायपान बेटावरच्या लढाईत जखमी झाले होते. त्यांच्या हिंसक भूमिकांत दिखाऊपणा का नसतो, याचे उत्तर मला तरी त्यात दिसते. ‘कॅट बलू’ या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले ते पुढे, पण त्यांची ताकद इथेच पुरेपूर दिसते.

रॉबर्ट्स यांचे कौतुक तुलनेने कमी होते, आणि ते मला खटकते. अ‍ॅडम हा भावांमधला शिकलेला, मोजकेच बोलणारा आणि मनावर ताबा असलेला मुलगा. तो ताबा हळूहळू सुटत जाताना दाखवणे अवघड होते. रॉबर्ट्स तो बदल आधी देहात आणतात, खांदे झुकवतात, चालण्यातला ऐटदारपणा घालवतात. आवाज फुटतो तो अगदी शेवटी. मालिकेतल्या लेखनाच्या दर्जाबद्दल उघड नाराजी दाखवून १९६५ मध्ये बाहेर पडलेल्या या नटाला कोणत्या दर्जाच्या संहिता हव्या होत्या, याचा अंदाज या भागावरून येतो.

कमकुवत जागा आहेत. सुरुवातीची मांडणी घाईची आहे, आणि अ‍ॅडमला लुटणारी माणसे कथानक पुढे ढकलण्यापुरतीच येतात. त्या भूमिका करणाऱ्या नटांना फारसे काही करायला मिळत नाही. त्याहून मोठी उणीव मालिकेच्या रचनेतच आहे. प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवण्याच्या तेव्हाच्या रिवाजामुळे एवढे भोगून आलेला अ‍ॅडम पुढच्या भागात जणू काही घडलेच नाही असा वावरतो.

अखेरीस हात केनच्या गळ्यापर्यंत पोहोचूनही अ‍ॅडम थांबतो आणि कोसळलेल्या केनला लाकडांच्या फरफटगाडीवर घालून ओढू लागतो. वडील आणि भाऊ त्याला शोधून काढतात तेव्हा गाडीवरचा माणूस मेलेला असतो, आणि अ‍ॅडमचा बांध फुटतो. वडील बेनच्या भूमिकेतले लॉर्न ग्रीन इथे कोणताही उपदेश न करता मुलाला फक्त घट्ट धरून ठेवतात.